आठवी खुर्ची

बुंदीचा लाडू मी वर्षानुवर्षं खाल्लेला नाही. लोकांना वाटतं मला साखरेचा त्रास आहे. साखरेचा नाही, मला पंगतीचा त्रास आहे.

सत्तरच्या दशकात मी वाशीमला अंध मुलांच्या एका निवासी शाळेत नोकरीला होते. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका. शाळा भाड्याच्या कौलारू घरात भरायची, चार खोल्या आणि एक ओसरी. आता ती शाळा नाही आणि ते घरही नाही, म्हणून नाव सांगण्यात अर्थ नाही. मी मूळची अमरावतीची, नागपुरात काही महिने हे काम शिकून आलेले. शाळेतल्या मोठ्या मुलामुलींना स्वतःचं स्वतः जगता यावं आणि हाताला काम मिळावं, एवढं शिकवणं माझ्याकडे होतं. स्टोव्ह पेटवणं, भाकरी थापणं, कपडे धुणं, बाजार करणं, एसटीनं जाणं-येणं, आणि धंदा म्हणून वेताच्या खुर्च्या विणणं.

त्या शाळेत बुंदी फार यायची. गावात कुणाची तेरवी असो, कुणाला नातू होवो, कुणी कोर्टात जिंको, लोकांना आधी आमची आठवण व्हायची. आंधळ्या लेकरांना जेवू घातलं की पुण्य लागतं म्हणे. लागू द्या बापडं. पण या पुण्याची एक रीत होती. जेवू घालणाऱ्यानं पहिला घास स्वतःच्या हातानं भरवायचा. सोळा-सतरा वर्षांची मुलं, मिसरूड फुटलेली, आणि त्यांच्याएवढ्याच मुली रांगेनं मांडी घालून बसायच्या. समोरून कुणी शेठ, कुणी पाटील, कुणी वकील लाडू मोडत मोडत यायचा आणि म्हणायचा, "आ कर." आणि ती मुलं आ करायची, कारण लहानपणापासून त्यांना तीच सवय लावलेली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी मधे उभी राहायची आणि येईल त्याला सांगायची, "बसा. हात मांडीवर ठेवा. त्यांना जेवता येतं."

मग ते शाळेच्या समितीच्या चिटणिसांकडे तक्रार करायचे. चिटणीस कापडाचे व्यापारी. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचं दुकान आणि आमची शाळा दोन्ही गिऱ्हाइकाच्या मर्जीवर चालतात असं त्यांना मनापासून वाटायचं.

"बाई, तुमी काहून भांडून राह्यल्या? लोकं पुण्य करून राह्यले, करू द्या ना. तुमचं काय जाते?"

"माझं शिकवणं जातं," मी म्हणायची. "सोमवारपासून शनिवारपर्यंत मी त्यांना हात वापरायला शिकवते, आणि रविवारी हे येऊन ते हात बांधून जातात."

चिटणीस हसायचे. माझा राग त्यांना मौजेचा वाटायचा. तरुण बाईचा राग सगळ्यांनाच मौजेचा वाटतो.

अशाच एका पंगतीत ती मला पहिल्यांदा नीट दिसली. शाळेत येऊन तिला महिनाच झाला होता. वय पंधराच्या आसपास, अंगानं काटक, चेहऱ्यावर देवीचे वण. कुणीतरी जाडजूड गृहस्थ लाडवाचा तुकडा तिच्या तोंडाशी घेऊन गेले. तिनं ओठ मिटून घेतले आणि हात पुढे केला.

"हातावर द्या," ती म्हणाली. "तोंडाचा रस्ता मले ठावा हाय."

गृहस्थांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मस्ती पाह्य हिची!" असं म्हणून त्यांनी लाडू ताटात टाकला. मी मोठ्यानं हसले. दोघींनाही त्या दिवशी बोलणी बसली, आणि तेव्हापासून ती माझी विद्यार्थिनी झाली.

ती शिकायला फार भराभर होती असं मी म्हणणार नाही. अशा आठवणींत विद्यार्थी नेहमी हुशार असतात. ही हट्टी होती. भाकरी थापताना पहिले पंधरा दिवस तिच्या भाकरीचा नकाशा व्हायचा. स्टोव्हची पिन करताना दोनदा बोट भाजलं. पण मी हात पुढे केला की ती थांबायची आणि माझा हात बाजूला होईपर्यंत काहीच करायची नाही. हे तिनं मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. पुढे मी ते विसरले, त्याचीच ही गोष्ट आहे.

आठवडी बाजारात मी तिला मिरच्या घ्यायला पाठवलं आणि दोन पावलं मागे उभी राहिले. भाजीवालीनं तिच्या डोक्यावरून मला विचारलं, "इले तिखट पायजे का फिक्की?"

"मले इचारा ना," ती म्हणाली. "मी आंधळी हाव. मुकी नाई."

भाजीवाली ओशाळली. मग ओशाळलेपणातून तिनं मूठभर जास्तच मिरच्या टाकल्या आणि पैसे घेईना. तेही आम्हाला चालणार नव्हतं. मिरच्या परत टाकायच्या, पैसे द्यायचे, यावर पाव तास वाद झाला. फुकट देणंही किती अवघड करून ठेवलंय आम्ही, असं ती भाजीवाली म्हणाली असेल नंतर. म्हणू दे. ज्याला सगळं फुकट मिळतं त्याला कुणी काम देत नाही, हे त्या बाजारात मला दर आठवड्याला दिसत होतं.

दिवाळीच्या सुटीत मी तिला पोचवायला तिच्या गावी गेले. मंगरुळपीरला एसटी बदलून आसेगावच्या बाजूला जायचं आणि फाट्यापासून चालत. वडील शेतमजूर. घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या वर्षी ही जन्मली, पाचव्या वर्षी देवी आल्या आणि डोळे गेले. घर दोन खणांचं, सारवलेलं, स्वच्छ. पोचल्या पोचल्या ती सवयीनं माठाकडे वळली, मला पाणी द्यायला. आई धावत आली आणि तिच्या हातातून गडवा काढून घेतला.

"तू बस माय बाजेवर."

ती बाजेवर बसली. मी दोन दिवस राहिले, दोन दिवस ती बाजेवरच होती. जेवण बाजेवर, हात धुवायला पाणी बाजेवर. पाय खाली टेकला की तीन माणसं उठायची. मी आईला सांगितलं की शाळेत ही स्वतः भाकरी करते, स्टोव्ह पेटवते, चार जणींचे कपडे धुते. आईनं ऐकून घेतलं.

"करत असन बाई. पण इथं नोको. गाव काय म्हणन? आंधळ्या लेकीकून काम करून घेते, ही माय हाय का वैरीण?"

"गावाचं मरू द्या. तिला काय वाटतं ते विचारा."

"तिले काय वाटन? तिले काई कमी हाय का आमच्यात?"

वडील ओट्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "आमी जित्ते हावो तवरक तिले काडी उचलू देनार नाई, बाई." हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. त्या घरात दोन्ही वेळ पोट भरण्यासाठी दोघं उन्हातान्हात राबत होती, आणि त्यातून त्यांनी एक राणी सांभाळली होती. मला ते दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच जास्त चीड येत होती. जो मारतो त्याच्याशी भांडता येतं. जो पोटाशी धरून हात बांधतो त्याच्याशी कसं भांडायचं?

"आणि तुम्ही मेल्यावर?" मी विचारलं.

राग आला की माझा तोंडावर ताबा राहत नाही. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि उठून अंगणात गेले.

एक काम मात्र तिला त्या घरात होतं. कापूस वेचायला जाताना बाया कमरेला जुन्या लुगड्याची झोळी बांधतात आणि वेचलेला कापूस तीत टाकत जातात. तिची आई सकाळी बाजेपाशी पाठमोरी उभी राहायची आणि झोळीची मागची गाठ ही बांधून द्यायची. दुहेरी वळसा, एक टोक आत दुमडलेलं. भरल्या झोळीच्या ओझ्यानं जास्तच आवळणारी आणि घरी आल्यावर ते टोक ओढलं की एका झटक्यात सुटणारी.

"मांगची गाठ डोळेवालीलेबी दिसत नाई," आई मला म्हणाली. "म्हून ते इच्याकडं."

लहानपणापासून तेवढं एकच काम तिच्या वाट्याला आलं होतं. तीच गाठ ती शाळेत घेऊन आली होती. खुर्ची विणताना वेताची पट्टी संपली की टोक बैठकीच्या खालच्या अंगाला बांधून टाकायचं असतं. मी सगळ्यांना साधी निरगाठ शिकवली. ती मात्र आईच्या झोळीची गाठ मारायची. वेतात ती मारायला बोटं चिवट लागतात. मी दोनदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला, कारण तिची गाठ माझ्यापेक्षा पक्की बसत होती.

विणकाम थोडक्यात सांगते. वेताची पट्टी पाण्यात भिजवायची. बैठकीच्या लाकडी चौकटीला चारी बाजूंनी भोकं असतात. आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या, आणि शेवटी दोन्हीकडून तिरप्या. तिरप्या पट्ट्यांनी जाळी बांधली जाते आणि बसणाऱ्याचं वजन सगळीकडे वाटलं जातं. पण या सगळ्याच्या आधी एक नियम, जो मी वर्गात रोज घोकून घ्यायची: पट्टीला हात लावण्याआधी प्रत्येक भोक खालून बोटानं तपासायचं. लाकूड वरून पॉलिशनं छान दिसतं. ते कुठे फुटलंय हे खालूनच कळतं.

मग तिचं अठरावं पूर्ण होत आलं. अठरा पूर्ण झाली की शाळा सोडायची, असा आमच्या समितीचा नियम होता. पुढे काय, याचा नियम नव्हता. म्हणजे बाज. ती मला एकदाच म्हणाली, "बाई, मी बाजेवर मरन. पाय खाली न टेकता मरन." रडली वगैरे नाही. जसं आपण सांगतो की उद्या एसटी सातची आहे, तसं म्हणाली.

मी गावभर हिंडले. कापसाच्या जिनिंगमध्ये, शाळांमध्ये, दवाखान्यात. सगळीकडे चहा मिळाला, काम मिळालं नाही. शेवटी एका कचेरीत जमलं. कोणती ते सांगत नाही. आणीबाणीचं वर्ष होतं. भिंतींवर 'कमी बोला, जास्त काम करा' अशा पाट्या लागल्या होत्या. बाबू लोक वेळेवर येऊ लागले होते, आणि सगळे एकदम वेळेवर आल्यामुळे बसायला खुर्च्या पुरेनात. मोडक्या खुर्च्यांचा ढीग मागच्या खोलीत पडला होता. तिथले बडेबाबू, म्हणजे मुख्य कारकून, सव्वादोनशे पौंडांचे गृहस्थ, म्हणाले, "आठ खुर्च्या नेऊन इनून आना. मी सोता बसून पायतो. टिकल्या त इथंच व्हरांड्यात बसवतो पोरीले, रोजीवर. बाकीच्या कचेऱ्याचंबी काम येईन." आणि हसत जोडलं, "नाईतर आंधळं दळते न कुत्रं पीठ खाते, तसं नोको."

मला ती म्हण नेहमीच चीड आणते, पण त्या दिवशी मनात आलं की म्हणीतला आंधळा निदान दळतो तरी आहे. आमच्याकडे त्याला जात्याजवळ कुणी बसू देत नाही. हे मी बोलले नाही. काम हवं होतं.

माझ्या भाड्याच्या खोलीला लागून एक छोटी खोली रिकामी होती. आंधळी बाई स्टोव्ह पेटवणार म्हटल्यावर घरमालकाला घर जळताना दिसू लागलं. मी दोन दिवस त्याच्याशी भांडले आणि ती खोली तिच्यासाठी मिळवली. म्हणजे सगळं त्या आठ खुर्च्यांवर आलं. खुर्च्या पास झाल्या तर खोली, काम, स्वतःचा स्टोव्ह. नापास झाल्या तर वडील त्याच दिवशी पेटी उचलून तिला गावी नेणार होते. त्यांना तसं पत्र गेलं होतं.

तिनं त्या आठ खुर्च्या एकटीनं विणल्या. कुणाला हात लावू दिला नाही. ओसरीत पाण्याचं घमेलं, गुडघ्यात चौकट, आणि दिवसभर पट्टी ओढल्याचा सर्र सर्र आवाज.

आदल्या दिवशी दुपारी ती विहिरीवर कपडे धूत होती, तेव्हा मी खुर्च्या पाहायला गेले. सात निर्दोष होत्या. आठवीत, मागच्या कोपऱ्याजवळ, एक तिरपी पट्टी आपल्या भोकात न जाता शेजारच्या भोकात गेली होती. त्यामुळे जाळीचं एक घर वाकडं दिसत होतं. एकच घर. पण ते मला दिसलं आणि मग दुसरं काही दिसेना. बडेबाबू हेच पाहतील, म्हणतील आंधळी ती आंधळीच. तिला सांगावं तर ती उलगडत बसेल, संध्याकाळ होईल, घाबरेल. मी दाराकडे पाहिलं. कपडे आपटल्याचा आवाज येत होता. मी पट्टी सोडवली, ओली केली, 'बरोबर' भोकातून नेली, खाली माझी निरगाठ मारली. भोक खालून तपासलं नाही. कशाला तपासू? मला डोळे होते ना.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून खुर्च्या कचेरीत नेल्या. तिचे वडील सकाळच्या एसटीनं आले होते. धुतलेलं धोतर, पायात नव्या वहाणा. ते दाराशी भिंतीला टेकून उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत, त्यांच्या पिढीला कचेरीत बसायची सवय नव्हती. ती खुर्च्यांजवळ सरळ उभी होती.

बडेबाबू खरंच एकेका खुर्चीवर बसले. बसायचे, दोनदा दाबून पाहायचे, उठायचे. सगळे बाबू लोक टेबलं सोडून तमाशा पाहायला जमले होते. 'कमी बोला, जास्त काम करा' या पाटीखालीच. एक, दोन, पाच, सात. "वा," बडेबाबू म्हणाले, "पोरीच्या हातात कसब हाय बरं." मग आठवीवर बसले. दाबलं. कट्ट असा आवाज झाला. मागच्या कोपऱ्याचं लाकूड फुटलं, पट्टी सुटली आणि बैठक एका बाजूनं खचली. बाबू लोक हसले. बडेबाबू घाईनं उठले आणि हसणाऱ्यांचा राग आमच्यावर काढत म्हणाले, "हे पाह्य. हेच म्हनत होतो मी."

मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही.

ती खाली बसली. खुर्ची आडवी केली. बोटं वरून फिरली, मग खालून. कोपऱ्यापाशी थांबली.

"ही पट्टी माह्यी नाई," ती म्हणाली. "हे भोक फुटकं होतं. मी याच्यातून नेलीच नोती, बाजूच्यातून नेली होती. कोनं काढली?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. आणि मी, जी पंगतीत लोकांचे हात झटकायची, जी भाजीवालीला माणुसकी शिकवायची, ती मी काय बोलले? मी म्हणाले, "असं काय करतेस गं, तुझीच आहे. तूच विणलीस. विसरली असशील."

इतक्या वर्षांत मी पुष्कळांवर रागावले. चिटणिसांवर, त्या लाडू मोडणाऱ्यांवर, तिच्या आईवर. त्यातल्या कुणीही तिला कधी असं सांगितलं नव्हतं की तुझी बोटं खोटं बोलतात. ते मी सांगितलं. चार लोकांत, माझी अब्रू वाचवायला.

तिचा चेहरा माझ्याकडे वळला. क्षणभर मला वाटलं ती गप्प बसेल, कारण मी तिची बाई होते. ती म्हणाली, "बा, इकडं ये."

वडील पुढे आले. आंधळ्या लेकीनं हाक मारली म्हणून ते तिला उठवायला वाकले. तिनं त्यांचा हात धरून खुर्चीखाली नेला.

"उठवू नोको. गाठी पाह्य. आठी खुर्च्याच्या पाह्य."

वडिलांनी एकेक खुर्ची उलटी केली. धोतर सावरत, गुडघ्यावर बसून, सावकाश. कुणी त्यांना थांबवलं नाही, कारण काय चाललंय ते कुणालाच कळत नव्हतं. आठवीच्या कोपऱ्याशी आले तेव्हा त्यांनी मान वर केली, आणि माझ्याकडे नाही, बडेबाबूंकडे पाहिलं.

"साहेब, ह्या साऱ्या गाठी माह्या घरच्या हायेत. इची माय रोज सकाळी हीच गाठ कमरेले बांधून कापसात जाते. वीस वर्साची वळख हाय माह्यी." मग त्यांनी माझ्या निरगाठीवर बोट ठेवलं. "हे एक परकी हाय. हे माह्या पोरीची नाई."

तेव्हा मी पुढे झाले. मग म्हणाले, "माझी आहे. काल दुपारी मी मारली. तिला न विचारता."

बडेबाबूंनी कपाळ पुसलं. माझ्यावर ओरडावं की नाही हे त्यांना ठरवता येईना. शेवटी म्हणाले, "मंग बाईच इनून देत असन सगळ्या, मले काय मालूम? हे घेऊन जा. परत इनून आना. पाहू."

"नेतो कायले?" ती म्हणाली. "इथंच इनतो. तुमच्यासमोर. घमेलं द्या."

आणि तिनं व्हरांड्यात बसकण मारली. शिपायानं पाणी आणून दिलं. तिनं माझं काम आधी उलगडलं आणि ती पट्टी माझ्या दिशेनं फेकून दिली. मग त्या बाजूच्या खचलेल्या पट्ट्या सोडवल्या, सोबत आणलेल्या नव्या भिजवल्या आणि फुटकं भोक टाळून विणू लागली. वडील शेजारी उकिडवे बसले होते. पट्टी भोकातून वर येताना अडली तशी त्यांचा हात आपोआप पुढे गेला.

"बा," ती न थांबता म्हणाली, "हात काढ."

त्यांनी हात काढला आणि मांडीखाली दाबून ठेवला. अख्खी दुपार तो माणूस स्वतःच्या हातावर बसून होता. मी पलीकडे खांबाशी उभी राहून ते पाहत होते, आणि दिवाळीत मी त्यांना विचारलेला प्रश्न आठवून मला माझीच लाज वाटत होती. ते एका दुपारीत शिकले. मी तर पगार घेऊन शिकवत होते.

संध्याकाळी कचेरी सुटायच्या वेळी बडेबाबू पुन्हा आठवीवर बसले. दाबलं, हललं, उठले. "सोमवारपासून ये," म्हणाले.

"येतो," ती म्हणाली. "पन बाई सोबत येनार नाईत. मी एकटीच येईन."

वडिलांनी पेटी उचलली आणि माझ्या शेजारच्या खोलीत नेऊन ठेवली. जाताना त्यांनी मला हात जोडले. मला ते नको होते.

पुढे तिनं पुष्कळ वर्षं त्या व्हरांड्यात आणि आजूबाजूच्या कचेऱ्यांत खुर्च्या विणल्या. मी निवृत्त झाले तेव्हा एका भाषणात कुणीतरी म्हणालं की बाईंनी आंधळ्यांना हात दिले. मला उठून ओरडावंसं वाटलं. हात त्यांचे त्यांना होतेच. आम्ही सगळे ते धरून बसलो होतो, एवढंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला श्रीफळ दिलं. बुंदीही होती.

पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या महिन्याबद्दल. भिंतीपलीकडे ती राहत होती आणि माझ्याशी बोलत नव्हती. सकाळी स्टोव्हचा आवाज यायचा, भाकरीचा थप थप आवाज यायचा, कुलूप लागायचं, काठी टकटक करत गल्लीतून जायची. घर जळलं नाही. मी दोनदा दार वाजवून माफी मागितली. दोन्हीदा ती "बरं" म्हणाली आणि दार लावून घेतलं.

तिसऱ्या वेळी तिनंच भिंतीवर थाप मारली. "बाई, चहा ठेवला हाय."

मी गेले. खोली माझ्या खोलीपेक्षा नीट होती. तिनं दोन कप मांडले, गाळणी धरली आणि उकळता चहा ओतायला पातेलं उचललं. पातेलं कपाच्या कडेपासून जरा बाजूला होतं. मला दिसलं. माझा हात पुढे गेला.

ती थांबली. पातेलं तसंच हवेत धरून, माझा हात बाजूला होण्याची वाट पाहत.

"बसा बाई," ती म्हणाली. "हात मांडीवर ठेवा."

मी बसले आणि हात मांडीवर ठेवले. तिनं पातेल्याचा काठ कपाच्या कडेला टेकवून आवाज घेतला आणि चहा ओतला.